ग्ली, कॅच आणि पार्ट साँग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडात यॉर्कशरमधल्या एका छोट्या हौशी गायकमंडळात मी काही वर्षं बास, म्हणजे सगळ्यांत खालचा आवाज, गातो. पुण्याला गेलो की कुणीतरी विचारतंच, "ते तुमचं नक्की काय असतं रे? चर्चचं गाणं का?" चर्चचं नसतं. मग पुढचे प्रश्न येतात, आणि ते दरवेळी तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

ग्ली म्हणजे काय?

तीन, चार किंवा पाच जणांनी मिळून, वाद्याशिवाय गायची रचना. प्रत्येकाची चाल वेगळी आणि एका चालीला माणूस एकच. साधारण १७५० ते १८३० हा तिचा भराचा काळ, आणि गाव मुख्यतः लंडन.

कविता आधी असते. रचनाकार ती ओळीओळीने घेतो. वाऱ्याची ओळ आली की लय धावते, रात्रीची आली की संथ होते, युद्धाची आली की ताल बदलतो. ध्रुवपदाकडे परत यायची सक्ती नाही. त्यामुळे पाच मिनिटांच्या ग्लीत चार वेगवेगळे तुकडे सहज निघतात. कधी सगळे एकदम एकच शब्द उच्चारतात, तर कधी एकाने ओळ टाकायची, दुसऱ्याने उचलायची, तोवर पहिला पुढे गेलेला.

आजच्या इंग्रजीत 'ग्ली' म्हणजे आनंद, त्यामुळे हे सगळं उडतं गाणं असेल असा समज होतो. पण जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ गाणंबजावणं, करमणूक असा होता. बेंजामिन कुकची 'हाउ स्लीप द ब्रेव्ह' ही प्रसिद्ध ग्ली रणात पडलेल्या सैनिकांवर आहे.

म्हणजे आपलं समूहगीतच की!

नाही, आणि इथेच बहुतेकांची गाडी चुकते. आपल्या समूहगीतात पन्नास जण एक चाल गातात. भजनात बुवा सांगतात आणि मागचे उचलतात. ग्लीत मागचं कुणी नसतंच. चौघांतला एक खोकला तर गाण्याचा चौथा हिस्सा गेला.

जवळचं काही शोधायचंच झालं तर मी घरगुती बैठकीचं नाव घेईन, तेही अर्धवट. बैठकीला श्रोते लागतात. ग्लीला लागत नाहीत. टेबलाभोवती बसलेले लोकच गायक आणि तेच श्रोते. रचना ऐकताना कधी कंटाळवाणी वाटते आणि गाताना अजिबात वाटत नाही, याचं कारण हे. मधल्या आवाजाला दिलेली एखादी गोड वळणाची जागा खुर्चीत बसलेल्या परक्या माणसाला ऐकूही येत नाही. ती गाणाऱ्यासाठी आणि त्याच्या शेजाऱ्यासाठी असते.

कॅच म्हणजे काय? ग्लीहून वेगळं?

कॅच हा थोरला आणि वाह्यात भाऊ. चाल एकच, पण एकाने सुरू करायची, तो पहिली ओळ संपवून दुसरीवर गेला की दुसऱ्याने पहिलीपासून सुरू करायची, मग तिसऱ्याने. शाळेत इंग्रजी बालगीतं अशी फिरवून गायली असतील तर तत्त्व तेच. सतराव्या शतकात हेन्री पर्सेलसारख्या थोर संगीतकाराने दरबारासाठी आणि चर्चसाठी भारदस्त संगीत लिहिलं आणि दारूच्या गुत्त्यासाठी कॅचही लिहिले. त्यातल्या काहींचे शब्द मी आईसमोर समजावून सांगणार नाही.

खरी गंमत अशी, की प्रत्येक ओळ सुटी वाचली तर सोज्वळ असते. तिघे एकदम गायला लागले की एकाच्या विरामात दुसऱ्याचा शब्द घुसतो आणि भलताच अर्थ निघतो.

जॉन वॉल कॉलकॉटचे दोन कॅच यासाठी प्रसिद्ध आहेत. एकात प्रियकर सोफाया नावाच्या मुलीला आळवतोय, "आह, हाउ, सोफाया". भरभर गायलं की ऐकू येतं "अ हाउस अफायर", घराला आग लागली! पुढे "गो, फेच द इंडियन्स" असे शब्द येतात, तेव्हा कानाला ऐकू येतं "गो, फेच द एंजिन्स". आग विझवायचे बंब आणा! कागदावर प्रेमगीत, टेबलावर आगीचा गोंधळ.

दुसरा कॅच त्याहून खवचट. १७७६ साली लंडनमध्ये संगीताच्या इतिहासाचे दोन प्रतिस्पर्धी ग्रंथ आले. सर जॉन हॉकिन्सचे पाचही खंड एकदम आणि चार्ल्स बर्नीचा पहिला खंड. कॉलकॉटने त्यावर कॅच रचला. एक गातो 'सर जॉन हॉकिन्स', दुसऱ्याच्या तोंडी 'बर्नीज हिस्टरी'. फिरता फिरता बर्नीचं नाव 'बर्न हिज हिस्टरी' असं ऐकू येऊ लागतं, म्हणजे त्याचा इतिहास जाळून टाका. कोटीवर जीव टाकणाऱ्या मराठी माणसाला याचं वेगळं स्पष्टीकरण नको.

कॅनन हा यातलाच सोवळा प्रकार. तिथेही एकामागून एक प्रवेश, पण शब्द बहुधा धार्मिक आणि नियम कडक. जेवणानंतर 'नॉन नोबिस डॉमिने' हा कॅनन उभं राहून म्हणायची पद्धत होती. आपलं 'वदनि कवळ घेता' जेवणाआधी, यांचं जेवणानंतर.

हे लोक गायचे कुठे?

जेवणाच्या टेबलावर, आणि समोर वाइन. १७६१ साली लंडनमध्ये काही उमरावांनी 'नोबलमेन अँड जंटलमेन्स कॅच क्लब' काढला. संस्थापकांत अर्ल ऑफ सँडविच होता. हो, पावाच्या दोन तुकड्यांत भरून खायचा पदार्थ ज्याच्या नावावर आहे तोच. क्लब बरीच वर्षं सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या थॅच्ड हाउस टॅव्हर्नमध्ये भरायचा आणि तो आजही अस्तित्वात आहे. उमराव वर्गणी भरत. धंदेवाईक गायक-संगीतकारांना गळ्याच्या बळावर प्रवेश असे.

दुसरी मोठी संस्था म्हणजे ग्ली क्लब, १७८३ ते १८५७. सुरुवातीला तिला स्वतःची जागा नव्हती. सभासदांच्या घरी आळीपाळीने जमायचं, मग १७८७पासून कॉफीहाउसमध्ये. सॅम्युएल वेबने तिच्यासाठी 'ग्लोरियस अपोलो' लिहिली आणि प्रत्येक बैठक तिनेच सुरू व्हायची. तिचे शब्द नीट पाहिले तर गंमत कळते. अपोलोने वरून पाहिलं, तर आम्ही त्याच्या स्तुतीसाठी देऊळ शोधत भटकतोय! जागेवाचून वणवण करणाऱ्या कुठल्याही मंडळाने आपली नांदी म्हणून घ्यावी अशी ही रचना आहे.

याही आधी, १७४१ साली, जॉन इमिन्स नावाच्या वकिलाने मॅड्रिगल सोसायटी काढली होती. मॅड्रिगल म्हणजे ग्लीच्याही आधीची, अनेक आवाजांत गायची गाणी. तिथे उमराव कमी, कारागीर आणि विणकर जास्त. म्हणजे हा केवळ श्रीमंतांचा शौक होता असं म्हणता येत नाही.

स्पर्धा वगैरे असायच्या का?

असायच्या, आणि त्यांनीच ग्लीला वर काढलं. १७६३ ते १७९४ कॅच क्लब दरवर्षी उत्तम रचनांना बक्षिसं देई. क्लबचा चिटणीस टॉमस वॉरन निवडक रचना छापत असे. दरसाल एक, असे ३२ खंड झाले.

पुन्हा कॉलकॉट. केन्सिंग्टनमधल्या एका गवंड्याचा हा मुलगा, बराचसा स्वतःच शिकलेला. १७८५ साली, विशीही गाठायच्या आत, त्याने चारपैकी तीन पदकं नेली. १७८७ साली त्याने स्पर्धेला जवळजवळ शंभर रचना पाठवल्या! परीक्षकांच्या चेहऱ्यांची कल्पना करा. क्लबला नियमच करावा लागला, की एका माणसाने बारापेक्षा जास्त रचना पाठवायच्या नाहीत. पुढच्या वर्षी त्याने काहीच पाठवलं नाही, रुसला असावा. १७८९ साली मोजून बारा पाठवल्या आणि चारही पदकं घेऊन गेला.

उत्तरायुष्यात त्याचं मन ढासळलं आणि लिहायला घेतलेला संगीतकोश राहून गेला. त्याचा जावई विल्यम हॉर्स्लीही नावाजलेला ग्लीकार. 'बाय सेलियाज आर्बर' त्याची.

ऐकायची झाली तर कुणाची ऐकावीत?

पहिला वेब. अकराव्या वर्षी सुताराकडे उमेदवारीला लागलेला, पुढे लंडनमधल्या परदेशी वकिलातींच्या कॅथलिक चॅपलमध्ये ऑर्गन वाजवणारा. त्याच्या 'व्हेन विंड्स ब्रीद सॉफ्ट'मध्ये आधी झुळूक, मग वादळ, मग पुन्हा शांत समुद्र, आणि हे सगळं निव्वळ गळ्यांवर.

दुसरा आर. जे. एस. स्टीव्हन्स. शेक्सपिअरच्या शब्दांवर त्याच्याइतका हात कुणाचा बसला नाही असं माझं मत. 'ये स्पॉटेड स्नेक्स' आणि 'द क्लाउड कॅप्ट टॉवर्स' ऐका. त्या काळच्या बऱ्याच ग्लींत मेंढपाळ, अप्सरा आणि क्लोई-सेलिया अशा ठरावीक नावांच्या प्रेयसी यांची जी गर्दी असते ती मला सोसत नाही. स्टीव्हन्सच्या त्या दोन्ही ग्लींत ती नाही.

तिसरा जॉन स्टॅफर्ड स्मिथ. त्याचं नाव कुणाला माहीत नसतं, चाल मात्र साऱ्या जगाला माहीत असते. लंडनच्या अनॅक्रिऑन्टिक सोसायटी नावाच्या गायनमंडळासाठी त्याने बांधलेलं गाणं अटलांटिक ओलांडून गेलं, त्यावर नवे शब्द चढले आणि १९३१ साली ते अमेरिकेचं अधिकृत राष्ट्रगीत झालं. ऑलिंपिकमध्ये पदक घेताना खेळाडूंचे डोळे ज्या चालीवर भरून येतात, ती जन्माने लंडनच्या मद्यपी मैफलीची आहे.

बायका गात नव्हत्या का?

क्लबांत नाही. सभासद पुरुष, आणि वरची चालही पुरुषच गाई, गळा उंचावून खोट्या आवाजात. त्या आवाजाला ते आल्टो म्हणत. आपल्याकडे बालगंधर्वांना ऐकलेल्या पिढीला यात नवल वाटलं नसतं. घरोघरी मात्र बायका ग्ली गात होत्या. ग्ली मागे पडण्याचं एक कारण हेच, की ती पुरुषांच्या तीन-चार आवाजांसाठी बेतलेली, आणि पुढचं शतक मिश्र गायकवृंदांचं निघालं.

महाराष्ट्राशी काही संबंध?

ओढून ताणून नको, पण दोन धागे खरे आहेत.

डब्लिनच्या विद्यापीठातला संगीताचा पहिला प्राध्यापक, अर्ल ऑफ मॉर्निंग्टन, हौशी पण चांगला रचनाकार होता. १७७९ साली त्याच्या 'हिअर इन कूल ग्रॉट' या ग्लीला कॅच क्लबचं बक्षीस मिळालं. थंडगार गुहा, शेवाळ, चांदण्यात नाचणाऱ्या पऱ्या अशी ती नाजूक रचना. दोन वर्षांनी तो वारला. त्याचा थोरला मुलगा रिचर्ड वेलस्ली पुढे गव्हर्नर जनरल म्हणून कोलकात्यात बसला आणि ३१ डिसेंबर १८०२ला दुसऱ्या बाजीरावाकडून वसईचा तह करवून घेतला. धाकटा आर्थर व्हायोलिन वाजवायचा. १७९३ साली त्याने ती जाळून टाकली आणि शिपाईगिरीकडे लक्ष दिलं, असं सांगतात. दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ला, जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर तोच उभा होता. आम्ही ती ग्ली गातो तेव्हा पऱ्यांच्या ओळीला मला हटकून असई आठवते. शेजारच्या टेनरला, म्हणजे बासच्या वरचा आवाज गाणाऱ्याला, सांगून पाहिलं, त्याला असई कुठे आहे हे सांगण्यातच मध्यंतर संपलं.

दुसरा धागा हलका आहे. कॉलकॉटचा भाऊ ऑगस्टस चित्रकार होता. त्याची बायको मराया हिने, त्याच्याशी लग्न होण्याच्या बऱ्याच आधी, १८०९ साली मुंबई गाठली होती आणि घारापुरीची लेणीही पाहिली होती. तिचं हिंदुस्थानातलं प्रवासवर्णन मराया ग्रॅहम या पहिल्या लग्नाच्या नावाने १८१२ साली छापून आलं.

मग पार्ट साँग म्हणजे काय?

एकोणिसाव्या शतकात टेबल गेलं आणि सभागृह आलं. एका चालीला एक माणूस ही अट गेली, दहा-वीस आले. बायका आल्या. वरपासून खालपर्यंत सोप्रानो, आल्टो, टेनर, बास ही आज सर्वत्र दिसणारी चौकडी बसली. चाल बहुधा वरच्या आवाजाकडे, बाकीचे तिला धरून. कडवी तीन असली तर तीनही साधारण त्याच चालीवर. हे पार्ट साँग. जर्मनीतल्या गायकमंडळांचा आणि तिथल्याच मेंडेल्सोन या संगीतकाराचा त्यावर मोठा प्रभाव.

कारणं संगीताइतकीच छपाईची आणि शाळेची आहेत. १८४१ साली जॉन हलाने लंडनच्या एक्झिटर हॉलमध्ये शिक्षकांसाठी गायनाचे वर्ग काढले. शेकड्यांनी लोक नोटेशन वाचायला शिकू लागले. १८४४पासून नोव्हेलो प्रकाशनाचं 'म्युझिकल टाइम्स' निघू लागलं आणि त्याच्या अंकातच गाण्याची पानं मिळू लागली. गिरणीतल्या कामगाराला स्वतःची प्रत विकत घेता येऊ लागली, तेव्हा लँकेशर-यॉर्कशरच्या गावागावांत गायकवृंद उभे राहिले.

ग्लीत प्रत्येक जण मालक होता. पार्ट साँगमध्ये तो रांगेतला एक झाला, आणि समोर हात हलवणारा निर्देशक आला. आवाजाचा परिणाम मात्र भव्य झाला, हे मान्य करायला हवं.

टॉनिक सोल्फा म्हणजे आपलं सा रे ग म का?

जवळजवळ! नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेने मुलांना अक्षरांवरून सूर वाचायला शिकवायची पद्धत बसवली, जॉन कर्वेन या पाद्र्याने ती १८४०च्या दशकात वाढवली आणि देशभर नेली. तिचं मर्म असं, की 'डो' हा ठरावीक पट्टीचा सूर नाही. गाणं ज्या पट्टीत असेल तिचा आधारसूर तो डो. आपला सा तसाच, काळी एक असो की पांढरी पाच. पाच रेघांचं नोटेशन मला अजून अडखळत वाचता येतं, पण कर्वेनच्या अक्षरांत छापलेली जुनी प्रत एकदा हाती आली तेव्हा मी ती पेटीवर सरळ वाजवली. हलाची पद्धत उलट, स्थिर डोची होती, आणि पट्टी बदलली की शिकणारे गडबडत. कर्वेनची टिकली.

पार्ट साँगची सुरुवात कुठून करू?

रॉबर्ट लुकस पिअर्सलचं 'ले अ गार्लंड', १८४० सालचं, आठ आवाजांचं. हा गृहस्थ ब्रिस्टलचा, आयुष्य बरंचसं जर्मनी-स्वित्झर्लंडकडे काढलं, आणि लिहायचा जुन्या मॅड्रिगलच्या वळणावर. एक आवाज सूर धरून ठेवतो, दुसरा त्याला खेटून येतो, दोघे घासतात, मग पहिला एक पायरी उतरतो आणि मोकळं वाटतं. पूर्ण रचना अशा घासण्या-सुटण्यावर उभी आहे. मला एकच निवडायला सांगितलं तर हीच.

मग बार्नबीचं 'स्वीट अँड लो', कवी टेनिसनची अंगाई. आर्थर सलिव्हनचं 'द लाँग डे क्लोजेस', १८६८चं, अंत्यविधीला पुष्कळदा गायलं गेलेलं. एल्गारचं 'माय लव्ह ड्वेल्ट इन अ नॉर्दर्न लँड'. आणि थोडं काळाबाहेर जाऊन, १९१०चं स्टॅनफर्डचं 'द ब्लू बर्ड'. खाली तळं निश्चल, वर सोप्रानोचा एकटा सूर, आणि शेवट समेवर न येता हवेत सोडून दिलेला. हे हेडफोन लावून, रात्री.

'ग्ली' नावाची अमेरिकन मालिका होती, ती यावरच का?

नाव तेवढं यातलं. अमेरिकेतल्या कॉलेजांनी हे नाव उचललं. हार्वर्डचा ग्ली क्लब १८५८चा आहे. आज तिथे ग्ली क्लब म्हणजे गायकवृंद, ग्ली गात असोत वा नसोत.

आज हे जिवंत ऐकायला मिळतं का?

ग्ली मैफलीत क्वचितच. पण शेफील्डच्या आसपासच्या गावांत नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळापर्यंत पबमध्ये स्थानिक नाताळगीतं गायची परंपरा आहे, आणि त्यांत रेजिनाल्ड स्पॉफर्थची 'हेल, स्मायलिंग मॉर्न' ही १८१०ची ग्ली अजून टिकून आहे. तिच्यात पहाट आली की अंधार 'फ्लाइज अवे' म्हणतात. ते दोन शब्द या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फेकले जातात, खालचे बास दणकून उत्तर देतात. हातात ग्लास, पुस्तक कुणाकडेच नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दाराशी उभा होतो. एका आजोबांनी विचारलं, "बास का?" मी मान हलवली, तसं त्यांनी बाकावर सरकून जागा केली.

नोटेशन हवं असेल तर सीपीडीएल आणि आयएमएसएलपी या संकेतस्थळांवर शेकडो रचना फुकट उतरवून घेता येतात.

मी शास्त्रीय गाणं शिकलोय. मला जमेल?

सूर जमेल, सवय मोडावी लागेल. मींड नको, मुरकी नको, आणि एक मात्रा म्हणजे एकच मात्रा. सगळ्यांत अवघड म्हणजे शेजारी दुसरा सूर सणसणीत लागलेला असताना आपला धरून ठेवणं. आपल्याला लहानपणापासून शेजारच्या सुरात सूर मिसळायला शिकवलेलं असतं, त्यामुळे पहिले दोन महिने मी दर ओळीला टेनरच्या चालीवर घसरत होतो.

तानपुऱ्याचा फायदा मात्र होतो. वाद्याशिवाय गाणारे लोक पियानोचा गंधार गात नाहीत, त्याहून जरा उतरलेला, शुद्ध गातात. तो गंधार तानपुऱ्यातून ऐकलेला असला की शोधावा लागत नाही.

आणि आधाराला तानपुरा नसल्याचा तोटाही होतो. 'ग्लोरियस अपोलो' आम्ही तिघांनी पहिल्यांदा शेवटपर्यंत गायली तेव्हा फार खूश झालो. मग कुणीतरी पियानोवर शेवटचा सूर वाजवून पाहिला. आम्ही पुरे अर्धा सूर खाली आलो होतो, तिघेही अगदी एकमेकांना धरून.